पट्टीवरचं कुंकू

२४ नोव्हेंबर २०२५, धानोरा
माझ्या फॉर्म भरून द्यायच्या सेंटरचा कम्प्युटर आज तीनदा स्क्रीन निळी पडून बंद! अर्धे फॉर्म भरलेले, सगळे गेले. दुरुस्तीवाला सुरज गडचिरोलीहून आला. त्याच्याकडची रॅमची पट्टी लावली – मशीन सुरळीत. माझी लावली – परत निळं. म्हणजे माझी रॅमच गेली. दोन्ही पट्ट्या दिसायला सारख्याच. अदलाबदल नको म्हणून माझ्या पट्टीवर घाईत नेलपॉलिशचा ठिपका दिला. त्याची तो घेऊन गेला.

मागच्या वर्षी बत्तीसशेला घेतली होती. सुरज म्हणाला, "रॅमचे भाव लय वाढले, आता अकरा हजार, ताई. वॉरंटी हाय न? मंग बदलूनच मांगा." अकरा हजार! कुठून आणू?

२६ नोव्हेंबर
पट्टी कुरिअरने नागपूरच्या सर्व्हिस सेंटरला पाठवली.

३ डिसेंबर
बुधरीबाई मुलीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला आली. आठ किलोमीटर पायी! शेवटची तारीख एकतीस. "कधी सुरू होते बाई तुहं मशीन?" पाणी दिलं नि परत पाठवली. फार लाज वाटली.

८ डिसेंबर
नाकारली! पट्टी अजून नागपूरलाच, नुसता मेसेज आला. "क्रमांकावर लाल रंग असल्याने क्रमांक वाचता येत नाही. वॉरंटी लागू नाही." बिलावरही नंबर नाही. नुसतं 'रॅम, एक नग'.

लाल म्हणजे कुंकू, दुसरं काय! दसऱ्याला मी कम्प्युटरचा डबा उघडून पट्टी काढून पुसली होती. बाबांनी सायकल, शिलाई मशीन, कम्प्युटर, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. पट्टीलाही लावलं असणार.

तोंडाला येईल ते बोलले. "तुमच्या कुंकवानं माझं सेंटर बुडवलं!" बाबा स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. "लागलं असंल, ज्योत्स्ना. हात कापते आता माहे." तरी मला दया आली नाही.

११ डिसेंबर
रोज सकाळी बाबा काउंटरवर अगरबत्ती लावायचे. तीन दिवस झाले, सेंटरमध्ये पाऊल नाही. बाहेर बाकावर बसतात. बसू देत! – असं म्हणते, आणि दिवसभर तिकडेच बघते.

१३ डिसेंबर
बाबांनी आज उंबऱ्याबाहेरूनच एक जुनी वही पुढे केली. "नंबर पायजे न तुले? यात पाह्य."

तीस वर्षं वनरक्षक होते. नंबर उतरवल्याशिवाय एक लाकूड हलू द्यायचे नाहीत. ती खोड अजून आहे! दसऱ्याच्या पानावर सायकलचा नंबर, शिलाई मशीनचा नंबर, आणि खाली माझ्या पट्टीचा! पुढे त्यांच्या तिरक्या अक्षरात – "कुंकू फक्त डब्याला. पट्टीवर नको, आकडा झाकतो."

"बाबा, मग तेव्हाच काऊन नाही बोललात?"

"तू म्हणली लागलं. मले बी वाटलं, चुकलं असंल."

मग ते लाल आलं कुठून? नागपूरला फोन केला. त्यांच्या नोंदीशी नंबर जुळला तर बदलून देऊ म्हणाले, फॉर्म नव्याने भरा.

१४ डिसेंबर
फॉर्ममध्ये रकाना – बिघाड कधी लक्षात आला? तारीख आठवेना. म्हणून ही माझीच डायरी मागे चाळली. चोवीस नोव्हेंबर.

"माझ्या पट्टीवर घाईत नेलपॉलिशचा ठिपका दिला."

लालच होतं ते.

बाबा बाहेर बाकावर बसलेत. कोणत्या तोंडानं बोलावू त्यांना आत?