कौशीच्या अंगावरचे डाग

मार्गशीर्ष शुद्ध ४, फसली १३२१. मुक्काम शिरूर

माणसं नव्हेत ही! बहिणीला, कौशीला, पहिल्या बाळंतपणाला माहेरी, लिंबागणेशला, पाठवा म्हणून दोनदा निरोप धाडला. तिची सासू भिवराबाई म्हणाली, आई नसलेल्या घरी कशाला पाठवायचं? आज भाची बघायला आलो तर कौशी तापाने फणफणलेली. विटाळाची पर्वा न करता खोलीत शिरलो. दंडावर, गळ्याखाली, पायांवर काळेनिळे डाग — आणि ओठाला रक्त! कुणी मारलं म्हणून विचारलं.

"कुणी न्हाई, दादा."

भ्यालेली आहे.

शुद्ध ५

तिच्या नवऱ्याला, बद्रीनाथाला, अंगणात गाठलं. जावई म्हणून आजवर मान दिला, आज गचांडी धरली. रडायलाच लागला. "आप्पा, इटाळ हाय. बाळंतिणीच्या खोलीत मी अजून पाऊलबी टाकलं न्हाई. डाग आपोआप उठायलेत."

आपोआप! मला काय दूधखुळा समजतो?

हकीमही तेच म्हणतो. बाळंतपणातला ताप रक्तात उतरलाय, रक्त गोठतच नाही, नुसता हात लागला तरी कातडीखाली झिरपतं. हलवू नका म्हणे. हा हकीम बद्रीनाथाच्या बापाचा जुना दोस्त. तो दुसरं काय सांगणार?

शुद्ध ६

सकाळी कौशीचे दात पुन्हा रक्ताने भरलेले. म्हणजे तोंडावर मारलं! मी खोलीच्या दाराशीच निजलो होतो, तरी चाहूल लागली नाही. किती सराईत आहेत!

गाडी जुंपायला सांगितली. भिवराबाई आडवी आली. "तिला न्यायची तर ने. लेकरू न्हाई देणार." ठेव म्हटलं, पुढे बघून घेईन. कौशीला उठवेना. दंडाला धरून उभी केली आणि तशीच गाडीत चढवली.

"हळू, दादा," एवढंच म्हणाली.

शुद्ध ७. लिंबागणेश

वाटभर नाकातून रक्त. रस्ता खडकाळ, धक्क्यांनी असेल. बायकोला सांगून ठेवलं, कौशी बरी झाली तरी त्या घरी परत धाडायची नाही. राग डोक्यातून उतरतच नाही.

शुद्ध ८

कौशी पहाटे गेली.

बद्रीनाथाला कळवायचं नाही! त्या खुन्याच्या हातून अग्नी? मी देईन.

तोच दिवस

बायको कौशीला शेवटची अंघोळ घालत होती. मधेच बाहेर आली. म्हणाली, "जरा आत या."

कौशीच्या दंडावर नवा डाग होता. एका बाजूला चार बोटं, दुसऱ्या बाजूला अंगठा. मी माझा हात त्यावर ठेवून पाहिला.

मी मारलं नव्हतं. नुसतं धरलं होतं.

शिरूरला घोड्यावर माणूस धाडलाय. बद्रीनाथ येईपर्यंत तिला कुणी उचलायचं नाही.