बाकावर बसलेला माणूस

सर,

तुमची शेवटची कादंबरी काल पुन्हा हातात घेतली. अख्खी वाचली, पण शेवटचं पान आलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. गेली कित्येक वर्षं मी असंच करत आलोय. माझ्याकडे लिहायला शिकायला येणाऱ्या मुलांना मी नेमकं तेच पान वाचायला देतो, त्यावर तासभर बोलतो, आणि मला स्वतःला ते वाचता येत नाही. का येत नाही हे सांगायचं तर तुम्ही गेल्यानंतरच्या गोष्टी सांगाव्या लागतील, आणि त्या तुम्हाला ठाऊक असण्याचं काही कारण नाही.

शिरूरचं तुमचं स्वयंपाकघर मला आजही दिसतं. रविवारची सकाळ आहे. काकू चुलीपुढे भाकऱ्या थापतायत. तुम्ही उंबऱ्यापाशी पाट टाकून बसलाय, मांडीवर कागद, हातात टाक. मी शाळेत तुमच्या हाताखाली मराठी शिकून पुण्याच्या एका वर्तमानपत्रात नुकता चिकटलोय आणि सुट्टी मिळाली की एस.टी.नं तुमच्याकडे येतोय. तुम्ही लिहिलेलं मोठ्यानं वाचायचा आणि काकू काम करता करता ऐकायच्या. त्या पाबळकडच्या शेतकऱ्याच्या घरातल्या. तुमच्या पुस्तकांचं त्यांना फार कौतुक होतं असंही नाही. ह्यांच्या गोष्टीत एक लगीन धड लागत न्हाई, अशी त्यांची कायमची तक्रार. पण वाचताना मध्येच त्या म्हणायच्या, "कळलं की." तेवढं म्हटलं की तुम्ही थांबायचा आणि त्यापुढचा मजकूर तिथल्या तिथे खोडायचा. तुमची लिहिण्याची रीत ती. लोक न कळलेलं खोडतात, तुम्ही कळलं की खोडायचा.

पहिल्या कादंबरीतली ती बाई मला आठवते. तिचा नवरा गेला, हे तुम्ही पुस्तकात कुठेच सांगितलेलं नाही. तुम्ही वाचलंत, ‘त्या दिवसापासून ती दाराला आतून कडी लावू लागली.’ काकूंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "कळलं की. बिचारी." त्यापुढे तिच्या एकटेपणावर तुम्ही बरंच लिहिलं होतं. ते सगळं गेलं. मी न राहवून म्हटलं, "सर, त्यातली एक ओळ फार चांगली होती." तुम्ही म्हणालात, "असेल. पण हिला तिची गरज पडली नाही." काकू मागे न बघता म्हणाल्या, "माझ्यावर नका ढकलू. मला भाकऱ्यांची घाई हाय."

ती कादंबरी छापून आली तेव्हा मी आमच्या रविवारच्या पुरवणीत तिच्यावर लिहिलं. तुमची शैली संयत आहे, लेखकानं दुःख आवरून धरलंय, असं बरंच काही. अंक घेऊन मोठ्या उत्साहानं शिरूरला आलो. तुम्ही तो ओट्यावर उभ्याउभ्याच वाचलात, घडी घातलीत आणि म्हणालात, "आवरून काय धरलंय मी? मला जेवढं ठाऊक होतं तेवढं लिहिलं. त्या बाईच्या मनात पुढे काय चाललं होतं ते तुला ठाऊक आहे का?" मी नाही म्हटलं. "मग मला कुठून असणार?" तुमचा आवाज चढला नव्हता, पण परतीच्या एस.टी.त माझे कान गरम होते. तुम्ही विनयानं बोलताय असं मी तेव्हा धरून चाललो. तुम्ही खरं तेच सांगत होता, हे कळायला फार उशीर लागला.

तुम्ही गेलात त्या हिवाळ्यात शेवटच्या कादंबरीचे कागद तुमच्या टेबलावर नीट रचलेले सापडले. दोन भाऊ, घर धनगराचं. थोरला धाकट्याला न विचारता मेंढरं विकतो आणि नदीकाठी जमीन घेतो. धाकटा काही न बोलता घर सोडतो आणि दौंडला रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये कोळसा ओढणारा खलाशी म्हणून लागतो. भांडण नाही, शिवीगाळ नाही. धाकट्याची घोंगडी खुंटीवर नाही, एवढंच तुम्ही लिहिता. काही वर्षांनी थोरला त्याला न्यायला दौंडला येतो. फलाटावरच्या बाकावर बसतो, शेजारी भाकरीचं गाठोडं. रुळांपलीकडे धाकटा कोळशानं काळा झालेला उभा आहे. तो थोरल्याला बघतो, हातातलं फावडं खाली ठेवतो. आणि शेवटची ओळ येते, ‘थोरल्यानं शेजारचं गाठोडं उचललं आणि मांडीवर घेतलं.’ त्यापुढे कागद नाही.

प्रकाशक पुण्याहून आले होते. कागद चाळून म्हणाले, "अहो, गाडी स्टेशनाच्या तोंडाशी आली आणि ड्रायव्हर उतरून गेला, असं झालंय हे. एक प्रकरण राहिलंय सरळसरळ." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही त्यांचे विद्यार्थी. तुम्हालाच जमेल. छपाईचं ठरलंय, महिनाअखेर द्या." मी काकूंकडे पाहिलं. मला वाटलं त्या नको म्हणतील. त्या म्हणाल्या, "लिही की. पेपरात रोज लिहितोस, एवढं न्हाई व्हायचं तुला?" मुदत मिळाली की मजकूर द्यायचा, हे तोवर माझ्या हाताला बसलं होतं. शिवाय तुमच्या पुस्तकाला शेवट देणारा मी, ही गोष्ट मला आवडली नव्हती असं म्हणणार नाही.

मी मुदतीच्या आधीच लिहिलं. धाकटा रूळ ओलांडून येतो. बराच वेळ बाकाजवळ नुसता उभा राहतो. मग बसतो. थोरला गाठोडं सोडतो, भाकरी पुढे करतो. धाकटा हात पँटला पुसतो, घास घेतो आणि त्याचे डोळे भरतात. वाक्यं आखूड ठेवली, विशेषणं काढून टाकली. मजकूर वाईट नव्हता, सर. आज कुणी माझ्यासमोर आणला तर मी फार हात लावणार नाही.

छापायला देण्याआधी तो काकूंना वाचून दाखवावा असं मनात आलं. दुपारची वेळ आहे. तुमच्या पाटावर बसायचं धाडस होत नाही म्हणून मी खाली फरशीवर बसतो. काकू सुपात ज्वारी निवडतायत. मी वाचतो आणि त्या ‘कळलं की’ कुठे म्हणतात याची वाट बघतो, कारण म्हणतील तिथे खोडायचं असं ठरवून आलोय. त्या एकदाही म्हणत नाहीत. वाचून झालं तरी त्यांचा हात सुपातच आहे.

"बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "आला त्यो. जेवला पन."

"मग देऊ छापायला?"

"दे की. तुझं काम तू केलंस." थोडं थांबून म्हणाल्या, "पर एक सांगू का? ह्ये गेल्यापासून दुपारी जरा आडवी झाले की मला त्यो थोरला दिसायचा. बाकावर बसलेला. मांडीवर गाठोडं, शेजारी जागा. भ्या न्हाई वाटायचं, सोबत असल्यावानी वाटायचं. आत्ता तू वाचलंस आन् त्यो उठून गेला बघ. दोघं बी गेली घरला."

मी कागद गोळा करू लागलो. त्याच पुढे बोलत राहिल्या. "तसं आम्ही दौंडात बसलो तवा बी मी ह्यांना इचारलं हुतं."

मी चमकलो. तुमचं पुस्तक पुरं झालं की तुम्ही काकूंना घेऊन दौंडला जायचा. एस.टी.नं जायचं, फलाटावर बसून इंजिनं बघायची, चहा प्यायचा आणि परत यायचं. तुमची एवढीच चैन. शेजारपाजारी चेष्टा करत, सरांचं बाळंतपण झालं वाटतं, जोडी निघाली दौंडला. पुस्तक अर्धं असताना तुम्ही कधी गेल्याचं मला माहीत नाही.

"कधी गेला होता काकू?"

"दिवाळी झाली आन् गेलो. आजारी पडायच्या आदी."

"म्हणजे पुस्तक पुरं झालं होतं?"

"व्हय. न्हाईतर मला कशाला नेत्यात ह्ये दौंडला?"

"मग प्रकाशकांना तसं सांगितलं का नाही तुम्ही?"

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "मला कळलं न्हवतं ना. बाकीचं समदं कळलं, ह्येच न्हाई. तिथं बाकावर बसून ह्यांना म्हनलं, बसला का वो धाकला शेवटाला? तर म्हनाले, मला कुठं ठाऊक. आन् च्या सांगितला. म्हनलं, ह्यांना न्हाई तर तुला तरी ठाऊक असंल."

मलाही ठाऊक नव्हतं, सर. मी ते मुदतीत बसवलं होतं. तसं काकूंना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. "मग नको छापू," म्हणाल्या. "मी इसरीन हळूहळू तुझं. मला त्यो बसलेलाच बरा."

आहे तसंच छापा म्हटल्यावर प्रकाशक रागावले नाहीत. "वाचकांच्या शिव्या तुम्ही खायच्या," एवढंच म्हणाले. बारामतीच्या एका गृहस्थांनी खरोखरच पुस्तक परत पाठवलं, शेवटची पानं बांधायची राहिलीत म्हणून. आता त्याच पानासाठी लोक तुमचं नाव घेतात. तुमच्या सूचकतेबद्दल, न बोलण्यातल्या सामर्थ्याबद्दल लेख येतात, व्याख्यानं होतात. मीही त्यांतली काही दिली आहेत. बोलताना तुमचा शिरूरच्या ओट्यावरचा आवाज ऐकू येतो, आवरून काय धरलंय मी, आणि माझं पुढचं वाक्य अडतं. तुम्हाला जे माहीत नव्हतं ते तुम्ही माहीत असल्यासारखं लिहिलं नाहीत. एवढ्या साध्या गोष्टीला आम्ही शैली म्हणतो. ती जमवायला बसलो की दर वेळी काहीतरी खोटं पडतं.

मी लिहिलेले ते कागद कुठे गेले मला आठवत नाही. पण शब्द गेले नाहीत. थोरल्यानं गाठोडं मांडीवर घेतलं की खडीवर पावलं वाजू लागतात, आणि माझा धाकटा येऊन बसतो. पुस्तक संपलेलं असतं तरी तो येतो. कामानिमित्त दौंडला गाडी बदलावी लागली तेव्हा मी फलाटावर मुद्दाम बसून पाहिलं. इंजिनं पाणी घेत होती, हमाल ओरडत होते. एक म्हातारा माझ्या बाकाकडे आला, तर मी नकळत बॅग उचलून मांडीवर घेतली. तो बसला, तंबाखू मळू लागला. मला वाटलं, आता तरी ती पावलं थांबतील. पुण्याला आल्यावर पान उघडलं. पावलं वाजलीच.

काकू त्यानंतर पुष्कळ जगल्या. एकदा भेटायला गेलो तर अंगणात बाजेवर बसल्या होत्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "आला बरं का त्यो परत."

"कोण?"

"थोरला. बसलाय आपला." त्यांना खरंच दिसत होता की मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या, ते मी विचारलं नाही. त्यांनी मात्र मला विचारलं, "तुला दिसतो का रं?"

मी ‘दिसतो’ म्हणालो. हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणून लिहितोय, सर. मला तो दिसत नाही.