रुआबांधा मंडळ महासंघात जाते

५ जानेवारी, रविवार
आले एकदाचे शेषराव! दुर्गच्या पद्मनाभपूर मंडळाचे, रेल्वेचे रिटायर गार्ड. मराठी मंडळांच्या महासंघात शिरायचं असन तर जुन्या मंडळानं नव्याले तयार करायचं, असा नियम हाय. आमच्या वाट्याले हे आले. सहा रविवार येतीन. फाइलीत चौतीस अटी.

पहिलीच अट — मंडळाची घटना. आमचे हे एकोणीस वर्षांपासून अध्यक्ष. म्हणाले, घटना तर लय घडल्या, कोणती सांगू? शेषराव हसले नाहीत.

मले मात्र आत जायचंच हाय. महासंघ मराठीच्या वर्गाले पुस्तकं देते, शिक्षक देते. आता मंडळातली रेणू एकटी आपल्या वऱ्हांड्यात सात पोरं घेऊन मराठी शिकवत बसते. त्यातली एक माझी नात रीना. मले आजी नाही, हिंदीतलं दादी म्हणते.

१२ जानेवारी
ग्रंथालय तपासलं. पायजेत शंभर पुस्तकं. आमच्या कपाटात त्रेचाळीस — चौदा जुनी पंचांगं, अन् एक स्टील प्लांटच्या सेफ्टीचं, तेही हिंदी. शेषरावांनी पंचांगं बाहेर काढली. मंडळाचा चहा पाहणाऱ्या बेबीताईनं विचारलं, पंचांग मराठी नाही का? त्यांनी फाइलीत नियम शोधला. सापडला नाही. पंचांगं परत कपाटात.

१९ जानेवारी
आजची अट — कामकाज शुद्ध मराठीत. मंडळाचा सचिव प्रवीण, त्याले इतिवृत्त लिहायले बसवलं. त्यानं लिहिलं, "सर्वसम्मति से ठरले." शेषरावांनी लाल पेनानं खोडलं. मग आमच्याकडे वळले. मले नाही, मला. कावून नाही, का. शाळेतल्यासारखं म्हणवून घेतलं सगळ्यांकडून.

तेवढ्यात त्यांच्या घरून फोन. उठून खिडकीशी गेले, पण आवाज गार्डाचा — "येऊन राहिलो ना वो! मले उशीर होईन, तू जेवून घे."

बेबीताईनं त्यांच्या चहात साखर जास्त टाकली. त्यानंतर त्यांनी कोणाचं 'मले' सुधारलं नाही.

२६ जानेवारी
झेंडावंदन. यांचं भाषण छत्तीस मिनिटं. शेषरावांनी घड्याळ पाहून वेळ लिहून घेतली.

२ फेब्रुवारी
अट एकवीस. अध्यक्षाची निवड गुप्त मतदानानं.

आतापर्यंत कशी होत होती, शेषरावांनी विचारलं. यांनी खरं ते सांगितलं — मी उभा राहतो, लोक टाळ्या वाजवतात. विरोधात कोण असते? कोणी नाही. मग मतदान कसं होईन, शेषराव म्हणे.

रेणूनं हात वर केला. "मी राहते उभी. अट तर पुरी होईन."

सगळे हसले. हेही हसले. पण घरी आल्यावर दोनदा विचारलं, रेणू खरंच उभी राहणार का? मले त्यांचं वाईट वाटलं. एकाहत्तरी गाठली, गुडघे चालत नाहीत, पण खुर्ची ते खुर्ची.

९ फेब्रुवारी
मतपेटी म्हणून माझा पोळ्यांचा डबा. एकतीस मतं. शेषरावांनी एकेक चिठ्ठी उघडून वाचली. रेणू सोळा. हे पंधरा.

यांनीच पहिली टाळी वाजवली. स्कूटरवर घरी आलो. चपला काढताना म्हणाले, पंधरा तर पंधरा, त्यातलं एक तुझं. मी भात टाकायले आत गेली.

माझं मत रेणूले होतं. यांनी एकोणीस वर्षं वर्गावर भाषणं केली, तिनं वर्ग घेतला. इथं लिहून ठेवते. तोंडानं सांगणार नाही.

१० फेब्रुवारी
एका मतानं! वरणात दोनदा मीठ पडलं. यांनी मुकाट्यानं खाल्लं. तेच जास्त लागलं.

१५ फेब्रुवारी
पत्र आलं. आमाले घेतलं! ग्रंथालयाले वर्षभराची सवलत. जूनपासून वर्गाले शिक्षक. रेणू रडली.

शेषराव पेढे घेऊन आले. जाता जाता मले बाजूले बोलावलं, मतदानाच्या रजिस्टरची एक झेरॉक्स मागितली. आमच्या मंडळात अजून टाळ्याच हायेत, म्हणाले.

१८ फेब्रुवारी
नाही राहवलं. सकाळी चहा देताना सांगून टाकलं — मत रेणूले देलं होतं.

यांनी चहा बशीत ओतला. मग म्हणाले, "मीबी तिलेच देलं. भाषणं लिहून कटाळलो होतो. भेव एकच होतं — तुझ्या मतानं निवडून येतो का काय."