तिसऱ्या रांगेतली कझिन

४ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. तुझा लग्नाचा कोट कापून झाला, अस्तरही लावलं, पण बाह्या जोडायला हात उचलत नाही. कारण ऐक.

काल तुझ्या होणाऱ्या सासूबाईंचं निमंत्रण आलं. सोबत चिठ्ठी होती, की नवरदेवाच्या कझिनसाठी तिसऱ्या रांगेत खुर्ची राखून ठेवली आहे. ही कझिन कोण बुवा, म्हणून मी बराच वेळ विचार करत बसले. मग ट्यूब पेटली. पहिल्या रांगेत म्हणे तुझे साहेब आणि त्यांची बायको बसणार.

तुझी आई गेली तेव्हा तू रांगतही नव्हतास. माझ्या आईने, म्हणजे तुझ्या मावशीने, तुला घरी आणलं, माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, हा तुझा भाऊ. मावस-बिवस काही म्हणाली नाही. तुला कडेवर घेऊन घेऊन माझा एक खांदा उतरला. एवढं शिवणकामाचं दुकान चालवते, पण माझाच ब्लाउज मला नीट बसत नाही, तो तुझ्या कृपेने!

असो. दुकानात गर्दी आहे, मला यायला जमेलसं वाटत नाही. कोट पार्सलने येईल. तब्येतीला जप.
ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार, तोही कान धरून. त्यांच्याकडे सगळं इंग्रजीत चालतं. सासूबाईंनी विचारलं, तुमच्याकडून कोण येणार? मी घाईघाईत कझिन म्हणून मोकळा झालो.

पण गंमत बघ. आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत सध्या हाच शब्द माझ्या टेबलावर आहे. तो लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत आला. मुळात त्याचा अर्थ आईच्या बहिणीचं मूल, म्हणजे अगदी आपलंच नातं! लॅटिन शब्दाच्या पोटात 'बहीण' बसलेली आहे. पुढे तो सैल होत गेला आणि चुलत, मामे, आते सगळे त्यात मावले. एके काळी राजेसुद्धा एकमेकांना कझिन म्हणत. एकाच कुळातल्या भाषांनाही तसं म्हणतात. तेव्हा रागावण्यासारखं काही नाही. इतका नेमका शब्द मला शोधूनही सापडला नसता.

येशील ना? तुझ्या रागातही लोभ असतो, तो मला पुरेल.
बारक्या

१३ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
आशीर्वाद. विद्वान झालास, आनंद आहे. एकमेकांना कझिन म्हणून झाल्यावर ते राजे लढाईला निघत असतील. तुझ्या लॅटिनने माझी खुर्ची एक रांग तरी पुढे सरकली का?

मला मान नको रे. लग्नाच्या रजिस्टरवर सही करताना तुझ्या घरचं कोणीतरी तुझ्या शेजारी असावं आणि ती मी असावी, एवढंच मनात होतं. ते मागून घ्यायचं माझ्या जिवावर येतं. फार वाईट वाटलं, म्हणून लिहिलं. सुखी राहा.
ताई

१८ फेब्रुवारी

ती. ताईंना,
नमस्कार. आपली ओळख नाही. तुमच्या बारक्याशी लग्न करणारी ती मी. तुमचं पत्र आल्यापासून तो तोंड पाडून बसला आहे. काल मी कोशासाठी लिहिलेली त्याची 'कझिन'ची नोंद वाचली. मराठी प्रतिशब्द चांगले ओळीने लिहिलेत. मी विचारलं, यात ताई कुठे आहे? कोशकार साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग तुमच्याबद्दल सांगायला लागला, तो जेवण गार झालं तरी थांबेना.

मी एकुलती एक. कझिन मला ढिगाने आहेत, लग्नाला सगळे येतील आणि फोटो काढून जातील. तुमची तिसऱ्या रांगेतली खुर्ची मी आईला काढून टाकायला लावली आहे. तुम्हाला खुर्चीच नाही. तुम्ही त्याच्या शेजारी उभं राहायचं आणि साक्षीदार म्हणून पहिली सही करायची.

मैत्रिणी म्हणतात, नणंद नसलेलं घर बघ. मला मात्र नणंद हवी आहे. याल ना? वाट बघत्ये, नाही म्हणू नका.
तुमची होणारी भावजय

२१ फेब्रुवारी

चि. सौ. कां. भावजयीस,
अनेक आशीर्वाद. नणंद मागून घेणारी मुलगी मी पहिल्यांदाच पाहिली. पत्र दुकानात उघडलं आणि गिऱ्हाइकांसमोर रडले; हे बारक्याला कळता कामा नये.

येते. आदल्या दिवशीच येते. फक्त एक कर, ते अहो-जाहो आजपासून बंद. समोरची 'तुम्ही' म्हणायला लागली की मनासारखं भांडता येत नाही.
तुझी नणंद