एर्मेसचे बागेतले फोन

३ नोव्हेंबर
पुन्हा सुरू! जेवण झालं की एर्मेस फोन घेऊन बागेत. पीचच्या झाडांमागे येरझाऱ्या, हातवारे. मी खिडकी उघडली की आवाज खाली. विचारलं, कोण? "वाल्तेर." हा एजंट! याच्यापायी तीस वर्षांत अकरा घरं बदलली—ग्रीस, हंगेरी, सायप्रस, दोनदा स्वित्झर्लंड, शेवटी ते फिनलंड. फुटबॉलचा क्लब माझ्या कोच नवऱ्याला हाकलतो, वाल्तेर दुसरा शोधतो, मी खोकी बांधते. इटलीत परतून लूगोच्या या घरात आता कुठे पडदे शिवलेत. मी हलणार नाही.

६ नोव्हेंबर
केस काळे करून आला! मुलाखत असल्याशिवाय हा केसांना रंग लावत नाही.

९ नोव्हेंबर
लेक मार्त्सिया नातीला घेऊन जेवायला आली होती. सूप निवत होतं आणि हा टीव्हीवर टपून. हरणाऱ्या संघाचा कोच दिसला की म्हणणार, "हा काही पानेत्तोने खात नाही." म्हणजे नाताळचा गोड पाव पोटात जायच्या आत गच्छंती. मार्त्सिया म्हणाली, "बाबा, तुम्ही स्वतः किती नाताळ उपाशी काढलेत?" त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. कुणाची खुर्ची रिकामी होतेय याची वाट बघतोय, दुसरं काय!

१२ नोव्हेंबर
त्याचा कोट तपासला. आतल्या खिशात पासपोर्ट. लाजबिज काही वाटली नाही.
मार्त्सिया म्हणते, "आई, सरळ विचार ना." सरळ विचारून सरळ उत्तर मिळालं असतं तर अकरा घरं झाली असती का?

१४ नोव्हेंबर
कपडे वाळत घालायच्या निमित्ताने बागेत गेले. कान तिकडेच. "मला घाई नाही, वाल्तेर. आधी त्यांचा बचाव कसा खेळतो ते बघू." वर भाव खातोय! संध्याकाळी मी मुद्दाम भांडी आपटली.

१८ नोव्हेंबर
बाजारात वाल्तेरची बायको इव्होन दिसली. म्हटलं, आज सोक्षमोक्षच लावू. "तुझ्या नवऱ्याला सांग, आता आमचा पिच्छा सोड."
ती बघतच राहिली. "अगं लोरेदाना, त्याला मे महिन्यात झटका आला. वाचा गेली त्याची. एर्मेस येऊन बघून गेला की. बोलला नाही तुला?"
घरी आले. हा बागेत, फोन कानाला, हातवारे चालू. स्वयंपाकघरातून मी त्याचा नंबर लावला. त्याच्या कानापाशीच घंटी वाजली. केवढा दचकला! इकडेतिकडे बघून मग उचलला.
"येताना एक लिंबू तोडून आण," म्हटलं.
"आणतो. वाल्तेरशी बोलत होतो."
"हो का," म्हटलं. ओट्याला धरून रडले.

१९ नोव्हेंबर
सायप्रसच्या क्लबच्या अध्यक्षांना मीच फोन केला. यंदा तळाला आहेत ते. एर्मेस मोकळा आहे म्हटलं. बोलावणं तुमच्याकडून आलं, असंच त्याला वाटू दे. त्यांनी विचारलं, बायको येईल का? येईल म्हटलं.