जून लागला, बॉयलर बंद

बाबा, बॉयलर दुरुस्त करणारा माणूस आज पुन्हा येऊन गेला. त्याने सगळं उघडून पाहिलं, दोनदा चहा घेतला आणि मागच्या वर्षीसारखंच म्हणाला, "बाई, याला काहीही झालेलं नाही." तुमचे जावई वैतागलेत. दर जूनमध्ये एका सकाळी हे धूड बंद कसं पडतं, ते त्यांच्या डॉक्टरी डोक्यात शिरत नाही. तो गेल्यावर तुम्हाला लिहायला बसले.

बहरीनमधलं, हूऱ्यातलं आपलं बाथरूम आठवतं? आई गेल्यावर त्या दोन खोल्यांत आपण दोघंच होतो. पाण्याची टाकी गच्चीवर, भर उन्हात. मे सरत आला की थंड पाण्याच्या नळाला असं पाणी यायचं की त्यात नुसती चहापत्ती टाकायची बाकी. मग अख्खं बहरीन करायचं तेच आपण करायचो, गिझर बंद. गिझर घरात, एसीच्या गारव्यात, त्यामुळे त्याच्या पोटात साठलेलं पाणी निवायचं. उन्हाळाभर लाल नळातून थंड पाणी आणि निळ्यातून चटका. तुम्ही पडलात अकाउंटंट. वर्षाचे हिशेब मिटवावेत तशा गांभीर्याने तुम्ही ते बटण बंद करायचात आणि मला बजावायचात, "जून लागला. ऑक्टोबरपर्यंत हात लावायचा नाही. खलास!" एकदा मी अर्धवट झोपेत ते चालू केलं आणि दोन्ही नळांना कढत पाणी आलं. तुम्ही टॉवेल गुंडाळून स्वयंपाकघरात उभे. "आता मी आंघोळ कशाने करू? फ्रिजमधल्या बाटल्यांनी?" असे कडाडलात, आणि मग खरंच फ्रिजमधल्या बाटल्यांनीच केलीत. त्यातल्या एकीत ताक होतं. दुसऱ्या दिवसापासून बटणावर चिकटपट्टी लागली, आणि मी आंघोळीला गेले की बाहेरून दारावर थापा सुरू, "यल्ला, यल्ला! ऑफिसची गाडी येईल."

लग्न होऊन मी वेल्समधल्या या डोंगरातल्या गावात आले तो ऑगस्ट होता. पहिल्याच सकाळी थंड पाण्यासाठी लाल नळाखाली हात धरला आणि भाजून घेतला. फोनवर सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "उलटं गाव दिसतंय." गाव उलटं नव्हतं, आपणच उलटे होतो, पण हे तुम्हाला कोण सांगणार? तुमची नोकरी तेव्हा संपत आली होती. नोकरी संपली की व्हिसा संपणार, आणि पुण्यात आपलं असं कुणी उरलं नव्हतं. तुम्ही माझ्याकडे कायमचं राहायला यावं, एवढंच मला हवं होतं. मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "इंशाल्ला." बहरीनमध्ये वाढलेल्या मुलीला त्याचा अर्थ कळतो. दुकानदार 'उद्या माल येईल, इंशाल्ला' म्हणाला की आपण दुसरं दुकान शोधायचो.

शेवटी एका जूनमध्ये तुम्ही महिन्याची रजा काढून आलात. 'नुसतं बघायला', अंगात दोन स्वेटर घालून. आम्ही तेव्हा एका म्हाताऱ्या वेल्श बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. दोन्ही मजल्यांना बॉयलर एकच, आणि तो आमच्या जिन्यातल्या कपाटात. तुमच्या दुसऱ्याच सकाळी खालून किंकाळी आली. पाठोपाठ घरमालकीण गाऊनमध्ये, डोक्यावर शांपूचा फेस, धाडधाड जिना चढून वर. मी कपाट उघडते तर बॉयलरचं बटण बंद, आणि वर चिकटपट्टी. चिकटपट्टी तुम्ही बहरीनहून बरोबर आणली होतीत, बाबा! तुम्ही आंघोळ उरकून, भांग पाडून, एखादं सत्कार्य केल्यासारखे पुढे झालात आणि ऑफिसच्या इंग्रजीत म्हणालात, "मॅडम, इट इज जून. इन जून, बॉयलर ऑफ. एव्हरी इयर." बाईंनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर पाऊस आडवा पडत होता. "आमच्याकडे जून लागला," त्या म्हणाल्या, "की आम्ही जाड कोट काढून पातळ कोट घालतो."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तुम्ही खोलीत जाऊन बॅग काढलीत. "बघितलंस? माझं इथे जमायचं नाही. उगाच तुमचं बिऱ्हाड जाईल." तुम्ही निघालात हे मला दिसत होतं आणि मी चक्क रडायला लागले. तेवढ्यात बाईंनी दारातून विचारलं, "पण जूनमध्येच का?" मग तुम्ही हातवारे करून त्यांना गच्ची, टाकी, ऊन, लाल नळ, निळा नळ, सगळं सांगितलंत. ताकाचीही गोष्ट सांगितलीत. फेस गालावर ओघळत होता तरी बाई हलल्या नाहीत. शेवटी जिन्यात बसून त्या हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "पाणी फुकट तापतं, आणि वर तुमची तक्रार! तुम्ही राहा हो इथे. मी कपाटाला कुलूप लावते." आणि त्यांनी लावलंही. पुढे महिनाभर रोज सकाळी तुम्ही जिन्यातून वाकून विचारायचात, "मॅडम, हॉट वॉटर ओके?" परत जाताना स्टेशनवर मला म्हणालात, "पुढच्या जूनला येतो. राहायलाच." त्या वाक्यात इंशाल्ला नव्हतं. मी घरापर्यंत ते वाक्य घोळवत आले.

त्याच हिवाळ्यात तिकडे बहरीनमध्ये, सलमानियाच्या हॉस्पिटलात तुम्ही गेलात. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. हूऱ्यातल्या कपाटात एक कोरा लोकरी कोट मिळाला, दुकानाची चिठ्ठी अजून तशीच. त्या रखरखाटात तो कुठल्या दुकानात मिळवलात, देव जाणे. त्यातून पातळ निवडलात, जूनचा. तो पाहून मी जितकी रडले तितकी हॉस्पिटलात रडले नव्हते.

आता घर आमचं स्वतःचं आहे आणि कपाटाला कुलूप नाही. हे पत्र तुमच्या कंपनीच्या पोस्टबॉक्सवर पाठवलं, तर तुमच्या खुर्चीतला नवा अकाउंटंट डोक्याला हात लावेल. म्हणून त्या कोटाच्या खिशात ठेवते. तो मीच वापरते. जावयांना सांगू नका, पण बॉयलर मीच बंद करते, बाबा. बर्फासारखं पाणी अंगावर घेते, किंचाळते, आणि तशीच कुडकुडत थांबते, बाहेरून दारावर थाप पडते का ते ऐकत.