बाळ झोपतो

६ ऑगस्ट
लेकरू आज अकरा दिवसांचं. मानसीच्या एका हातात ते, दुसऱ्या हातात फोन. फोन जास्त घट्ट धरलेला. सकाळपासून तीनदा विचारून झालं, "आई, किती एमएल गेलं असेल?" मी म्हटलं, मी काय मीटर बसवलाय? तर रडायलाच लागली. गप्प बसायला हवं होतं. शाळा सोडून सहा वर्षं झाली, जीभ अजून नोकरीत आहे.
जन्मावेळचं वजन अजून भरून आलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर नीट पाजा, तेराला परत वजन करू, मग वरच्या दुधाचं ठरवू. तेव्हापासून घरात निकालाच्या आधीचं वातावरण.
बाईसाहेब कोचिंगला बायॉलॉजी शिकवतात. बॅचच्या बॅच मुलींना हार्मोन्स तोंडपाठ करून घेतात. स्वतःच्या दुधावर मात्र भरवसा नाही, कारण त्याला मार्क पडत नाहीत. बाटलीवर रेघा असतात.

७ ऑगस्ट
मा.ने मला तिच्या त्या 'आई कट्टा' ग्रुपात कधीचं घातलंय. लातूर-नांदेडकडच्या बाळंतिणी आणि त्यांच्या शंका. आज पहिल्यांदा नीट वाचला. कुणीतरी लिहिलं, दूध पुरत नाही, काय करू. पाच मिनिटांत 'न्यूट्री-ताई' हजर. "काळजी नको डिअर, इनबॉक्स केलंय." खाली चित्र, लंगोटातलं बाळ, गळ्यात स्टेथोस्कोप. "आजचा घोट, उद्याचा टॉपर."
आपल्या चौकात टॉपरांचे बोर्ड एकावर एक चढलेत, ते कमी होते. आता तयारी पाळण्यापासून.
दोन वर्षांखालच्या बाळाच्या दूध-पावडरच्या डब्याची जाहिरात करायचीच नाही असा कायदा आहे या देशात. म्हणून नाव 'सल्ला'.

८ ऑगस्ट
कमलताईंना बोलावलं. सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स, माझ्या सकाळच्या फिरण्याच्या जोडीदारीण. आल्या, हात धुतले, पाच मिनिटं नुसत्या बघत बसल्या. मग म्हणाल्या, "नुसतं टोक धरून राहिलंय लेकरू. म्हणून तुला दुखतंय अन् म्हणून त्याचं पोट भरंना. तू वाकू नको, लेकराला वर आण. तोंड मोठं उघडू दे. घाई न्हाई. हां. आता."
मा.चे खांदे खाली आले. दहा दिवसांत पहिल्यांदा पाहिले ते जागेवर.
"मावशी, पण पोट भरलं ते कळणार कसं?"
"खालून कळतं की. दिवसाला सहा-सात लंगोट ओले झाले की समजायचं."
जाताना माझ्याकडे वळून, "अन् बाई, तुम्ही जरा कमी बोला."
मा.ने लगेच लंगोटांचा तक्ता केला. दोन रंगांत. असो. मोजायचंच असेल तर हे मोजावं.

९ ऑगस्ट
कुरिअर. डबा. फुकट. मा.ने इनबॉक्सात पत्ता दिला होता.
"विचारला त्यांनी, दिला. असू दे गं आधाराला."
मी म्हटलं, आधार म्हणे, हा काय काठी आहे?
तिने शांतपणे विचारलं, "तू मला काय पाजलं होतंस?"
मी स्वयंपाकघरात येऊन उगाच कोथिंबीर निवडत बसले. निवडलेलीच होती.

१० ऑगस्ट
कुठेतरी लिहायलाच हवं, म्हणून.
भूकंपाच्या वर्षी मा. तीन आठवड्यांची होती. आम्ही सगळी गल्ली अंगणात, ताडपत्रीखाली. मला दूध येत होतं. भीतीने कमी झालं असेल, पण येत होतं. सासूबाई, म्हणजे आत्याबाई, कंधारच्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. म्हणत, "लेकरू पदराखालीच असू दे गं, येतंय दूध, लावत ऱ्हा." मी कॉन्व्हेंटची. मदतीच्या ट्रकातून डबे आले, वर सगळं इंग्रजी. ते वाचता येणारी गल्लीत मी एकटी. वाचलं. नुसतं वाचलं नाही, आजूबाजूच्या चार बाळंतिणींना समजावून सांगितलं, हे शास्त्रीय आहे म्हणून. त्यांनी माझं ऐकलं. पाणी टँकरचं. उकळायला धड चूल नव्हती. मा. जुलाबांनी आठ दिवस दवाखान्यात, सलाईन लावायला शीर सापडेना. चौघींपैकी दोघींची लेकरंही तिथेच, शेजारच्या खाटांवर. वाचली सगळी.
न्यूट्री-ताई न्यूट्री-ताई करतेय मी दोन दिवस. आमच्या गल्लीची न्यूट्री-ताई मीच होते.

११ ऑगस्ट
सकाळी मा.ला सांगितलं सगळं. ती पाजत होती. लेकराला दुसऱ्या बाजूला घेतलं. मग म्हणाली, "म्हणून तू कधीच सांगत नव्हतीस होय." आणि थोड्या वेळाने, "तो डबा वर ठेव. मला दिसणार नाही असा."
हात वर पोचेना, स्टूल घेतलं. आनंदाने चढले.

दुपारी परत ग्रुप. आता लाल पेन घेऊनच बसले म्हणायचं. न्यूट्री-ताईच्या प्रत्येक सल्ल्याखाली 'अनुभव'. एक आई मुखेडची, एक अर्धापूरची, एक कंधारची, अशा सहा जणी. सहाही जणींचं: "आता माझा बाळ शांत झोपतो, मी पण टेन्शन फ्री."
माझा बाळ. झोपतो.
तेहतीस वर्षं पेपर तपासलेत. सहा पेपरांत एकच चूक म्हणजे कॉपी. पण ही चूक नुसती ओळखीची नाही, माझीच आहे. लग्न होऊन आले तेव्हा माझं मराठी म्हणजे सिस्टरांच्या इंग्रजीतून गाळून आलेलं. शेजारच्या बाळाकडे बघून म्हटलं होतं, "बाळ झोपतो." आत्याबाई पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. "झोपतो न्हाई गं. झोपतंय. अन् बाळ म्हणून कोण बोलतंय इथं? लेकरू म्हण."
मुखेडची आई 'माझा बाळ झोपतो' म्हणणार? ती 'लेकरू निजून राहिलंय' म्हणेल.

१२ ऑगस्ट
सहाही वाक्यं एकाखाली एक लावून ग्रुपात टाकली. वर लिहिलं: "मुखेडच्या ताई, आठवडी बाजार कोणत्या वारी असतो हो तुमच्याकडे?"
तासाभराने उत्तर आलं. "इथे मार्केट रोज ओपन असतो काकू."
मग काय. मुखेडच्या खऱ्या बायका जाग्या झाल्या. एकीने लिहिलं, "बाई, हिला न्या एकदा बाजाराला." दुसरी: "काकू, हिचं लेकरू झोपतो अन् मार्केट असतो. सगळे पुरुषच हायत वाटतं घरात." हसून हसून मा.चे टाके दुखले.

संध्याकाळी श्वेताचा फोन. ग्रुप चालवणारी, नांदेडची, जुळ्यांची आई. "काकू, जरा सबुरीनं घ्या. पुढच्या महिन्यात आपला मेळावा आहे, हॉल अन् जेवण न्यूट्री-ताईच्या कंपनीकडूनच आहे."
मी म्हटलं, श्वेता, भाकरी-पिठलं मी करून आणीन. झाडाखाली बसू. ती "बघते," म्हणाली.

१३ ऑगस्ट
वजन. मा.ने काट्याकडे पाहिलंच नाही, माझ्या तोंडाकडे पाहत होती. जन्मावेळचं भरून वर दीडशे ग्रॅम. डॉक्टर म्हणाले, वरचं काही नको, चालू द्या.
रिक्षात मा. म्हणाली, "आई, पास." मी म्हटलं, डिस्टिंक्शन. कमलताईंना फोन केला, तर म्हणे, "मंग? मी काय सांगत होते?" सांगत तर मीही होते. असो, आज भांडणार नाही.

१६ ऑगस्ट
श्वेताने न्यूट्री-ताईला आणि सहाही आयांना काढलं. ग्रुपात नियम लिहिला, डब्याची जाहिरात चालणार नाही. मेळावा झाडाखाली. पिठलं माझ्या अंगावर.
मा.ने कल्पना काढली: रोज चार वाजता कमलताईंचं 'डाउट सेशन'. कोचिंगचा शब्द शेवटी सत्कारणी लागला. मी फक्त टाइप करते. कमलताई सांगतात ते तसंच टाइप कर, अशी मा.ची सक्त ताकीद.

२२ ऑगस्ट
एकीने भीत भीत लिहिलं, आजारपणाची औषधं चालू आहेत, डॉक्टरांनी पाजायला मना केलंय, डबाच देतेय. दोघी-तिघी लगेच तुटून पडल्या तिच्यावर. मी त्यांना असं झापलं की कमलताईसुद्धा खूश झाल्या. लढाई जाहिरातीशी आहे, आईशी नाही. मग कमलताईंनी तिला बाटली कशी उकळायची, पाणी आधी की पावडर आधी, सगळं सांगितलं. ताडपत्रीखाली हे सांगणारं कुणी हवं होतं.

३० ऑगस्ट
लंगोटांचा तक्ता बंद. मा. म्हणाली, कंटाळा आला मोजायचा. मी कॅलेंडरवर तारखेला गोल केला.
डबा अजून माळ्यावर, सील न फोडलेला. तारीख बघून ठेवलीय, पुरावा म्हणून लागेल. तक्रार कुठे करायची ते शोधतेय.
आज दुपारी ग्रुपात नवीन आई आली. कंधारची म्हणे. सगळ्यांना नमस्कार वगैरे. खाली लिहिलंय, "खूप हेल्प झाली मला एका ताईंची. आता माझा लेकरू शांत झोपतो."
'लेकरू' शब्द शिकले म्हणजे हे कंपनीवाले. आमचं वाचून राहिलेत.
मा.ने लाल पेन आणून दिलं.